घरच्या विहिरीचं पाणी

"आकडे वाचता येतात का?" सिस्टरनं मला विचारलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. माझं असंच होतं. अनोळखी माणसापुढे आवाज बाहेर येत नाही. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "चौथी झाली आहे."

"चौथी बस आहे," ती म्हणाली. ती दूर दक्षिणेकडची होती, मराठी आपल्या चालीनं बोलायची. "पिचकारीवरचा आकडा दिसला पाहिजे. हात साफ पाहिजे. घाई नको पाहिजे. बस."

तिच्या हातात काचेची मोठी पिचकारी होती आणि समोर खाटेवर माझा नवरा बेशुद्ध पडला होता. त्याच्या नाकातून एक नळी बाहेर आली होती आणि चिकटपट्टीनं गालावर बसवली होती.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूला, त्यामुळे आमच्यासाठी मोठा दवाखाना म्हणजे चांद्याचाच, चंद्रपूरचा. नवरा दिवाळीनंतर मुलचेऱ्याच्या पलीकडे जंगलात बांबू कटाईच्या कामावर गेला होता. तिथून ताप घेऊन आला. पहिल्या दिवशी हुडहुडी भरली, गोधड्यांवर गोधड्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी तो मला ओळखेना. मला म्हणाला, "अवं बाई, या घरची मानसं कुठी गेली?" तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेना. सिंदेवाहीच्या डॉक्टरनं हात लावून पाहिलं आणि जीप करायला सांगितलं. चांद्याला डॉक्टर म्हणाले, हिवताप डोक्यात गेला आहे. सलाईनमधून कोयनाईन सुरू झालं. औषध हातातून जात होतं, पण माणसाला अन्न कुठून द्यायचं? तो गिळत नव्हता. म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी टाकली.

वॉर्ड भरून गेला होता. खाटेवर माणसं, खाटेखाली माणसं, व्हरांड्यात माणसं. एवढ्यांना दोन सिस्टर. त्यामुळे रोग्याचं पुष्कळ काम नातेवाईकच करायचे. आंघोळ, कपडे, कूस बदलणं, आणि ज्याला नळी आहे त्याला दूध-पेज देणं. ते लिहून ठेवलेलं कुठे नव्हतं, पण सगळीकडे तसंच चालायचं. सिस्टर मात्र शिकवल्याशिवाय कोणाला हात लावू द्यायची नाही.

तिनं मला जे शिकवलं ते मी अजून विसरले नाही. नाकाजवळ नळीवर निळ्या शाईची खूण होती. आधी ती खूण पाहायची. खूण बाहेर सरकली असेल तर काही द्यायचं नाही, तिला बोलवायचं. मग डोकं आणि छाती उंच करायची. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा होत्याच, वर दोन उशा लावायच्या. मग रिकामी पिचकारी नळीला लावून हळूच मागे ओढायची. पोटातलं थोडं पाणी वर आलं की समजायचं, नळी पोटात आहे. आधीचं दूध पुष्कळ आलं तर समजायचं, पोट रिकामं झालं नाही, थांबायचं. सगळं बरोबर असेल तर पिचकारीचा दट्ट्या काढून घ्यायचा, वरून फडक्यानं गाळलेलं दूध ओतायचं आणि आपोआप उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. शेवटी थोडं पाणी, म्हणजे नळी धुतली जाते. दूध दिल्यावर बराच वेळ त्याला आडवं करायचं नाही.

"का, ते पण ऐक," ती म्हणाली. तिनं माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. "पोटाचा रस्ता वेगळा, हवेचा रस्ता वेगळा. इथे दोन्ही दरवाजे जवळ-जवळ. जागा माणूस ठसका देतो, हवेचा दरवाजा बंद करतो. हा झोपला आहे. याचा दरवाजा उघडा. म्हणून तोंडातून एक थेंब पण नाही. प्रेमानं पण नाही."

शेवटचं वाक्य ती हसून बोलली. मला वाटलं, इतक्या लोकांना शिकवून-शिकवून लोक प्रेमानं काय करतात ते तिला माहीत झालं असेल.

पहिल्या वेळी मी आकडा दोनदा वाचला. ती मागे उभी होती. दुसऱ्या वेळीही उभी राहिली. नंतर दुरूनच पाहायची. एकदा मी पिचकारी मागे ओढली तर सकाळचं दूध तसंच फुटून वर आलं. मी काही दिलं नाही, जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. मी पिचकारीच दाखवली. ती म्हणाली, "शाबास." शाळा सुटल्यापासून मला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. माहेरी मी भोळी, सासरी मी मुकी. आणि इथे ज्या कामावर माणसाचा जीव अवलंबून, ते काम माझ्या हातात दिलं होतं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता आणि त्याची बायको खाली चटईवर बसून असायची. तिचं तोंड सारखं चालू. मला म्हणायची, "तुया नवरा तं आमच्या गावच्या देवापरस बरा आहे, पोरी. बोलत नाई, रागवत नाई, नैवेद्य देल्ला का नाकानं खाते." मग आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसायचो. दवाखान्यात हसू येतं, हे मला तिथेच कळलं.

नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, एकदा पाहून जायला आले. गावाकडे धान कापणीला आलं होतं, कोणालाच राहता येत नव्हतं. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि नळीकडे पाहत राहिले.

"नळी टाकली का?" एवढंच विचारलं.

मी पदर डोक्यावर ओढून मान हलवली. सुनेनं भासऱ्यांशी बोलायची आमच्यात रीत नाही. बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, की नळीनंच याला जगवून ठेवलं आहे. ते थोडा वेळ थांबले, डोळे पुसले आणि दुपारच्या एसटीनं परत गेले. मला वाटलं, भावाची माया आहे.

आमच्याकडे तेव्हा लोक म्हणायचे की नाकात नळी गेली म्हणजे माणूस गेला. गावातून मोठ्या दवाखान्यात जायचेच ते अगदी शेवटी, नळी लागलेली दोन-चार माणसं लोकांनी पाहिली होती आणि ती सगळी बैलबंडीत झाकून परत आली होती. भासऱ्यांनी गावात जाऊन काय सांगितलं असेल, ते मी तेव्हा मनात आणलं नाही. मी माझ्या कामात होते.

आणि काम फळाला येत होतं. ताप उतरू लागला होता. चिकटपट्टी बदलताना त्याची भुवई हलली. कूस बदलताना त्यानं हात ओढून घेतला. डॉक्टर म्हणाले, "आता डोळे उघडेल हा." मला कोणाला तरी सांगायचं होतं. म्हातारीला सांगितलं, ती म्हणाली, "आता का, आता बोलन अन् भांडन. चार दिवस सुखाचे होते तुये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं दूध दिलं. खूण पाहिली, मागे ओढून पाहिलं, नळी धुतली, उशा नीट केल्या. पिचकारी उकळायला दिली. आणि तेवढ्यात दारातून सासू, भासरे आणि मोठी जाऊ आत येताना दिसली.

सासू माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं कधी माझ्या पाठीला हात लावला नव्हता. मला रडू फुटलं.

"किती वाळली वं पोरी," ती म्हणाली. "जाय, डब्यात भात आणला आहे, लाखोळीचं वरन आहे. खाली झाडाखाली बसून पोटभर जेव. आमी आहो इथी."

"ते आत्ताच दूध देल्लं," मी म्हटलं. "आडवं नोका करू त्याहिले. अन् तोंडात काई नाई द्याचं. थेंबभर बी नाई."

"बरं, बरं."

मी जावेलाही वेगळं सांगितलं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मालूम आहे मले. तू जाय."

दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली नातेवाईकांच्या तीन दगडांच्या चुली होत्या. तिथे बसून मी जेवले. चवीनं जेवले, हे मला सांगितलंच पाहिजे. घरचा भात होता, पाठीवर सासूचा हात अजून जाणवत होता. मला वाटलं, आता हे लोक मला आपलं म्हणतात. नळावर डबा घासला, तोंड धुतलं आणि वर गेले.

वॉर्डाच्या दारातच मला तो आवाज ऐकू आला. भांड्यात पाणी उकळावं तसा घरघर आवाज, श्वासाबरोबर येणारा. उशा काढून टाकल्या होत्या. विटाही सरकवलेल्या. त्याला सरळ, उताणं, हातपाय ताठ करून निजवलं होतं. हनुवटी ओली, छातीवरचा कपडा ओला, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरं दूध बाहेर येत होतं. चेहरा काळा-निळा पडला होता. जाऊ पदरानं त्याचं तोंड पुसत होती. खाटेखाली आमचा घरचा पितळी गडू होता आणि त्यात चमचा.

मी ओरडले. माझा आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही असं सगळे म्हणतात, त्या दिवशी तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. मी त्याला कुशीवर वळवलं, डोकं धरलं. सिस्टर धावत आली. पायानं दाबायचं यंत्र आणलं, तोंडात आणि घशात दुसरी नळी घालून आतलं ओढू लागली. बाटलीत दूध आणि पाणी आलं. मग डॉक्टर आले, ऑक्सिजनचं सिलेंडर आलं.

श्वास थोडा चालू झाल्यावर डॉक्टरांनी त्या बाटलीकडे पाहिलं.

"दूध कोणी दिलं याला?"

मी सिस्टरकडे पाहिलं. मला वाटलं, ती सांगेल. की हिला मी शिकवलं, ही नीट देते, इतके दिवस देते आहे, आज काहीतरी वेगळं झालं आहे.

सिस्टर म्हणाली, "नातेवाईकांनी दिलं, सर. मी सगळ्यांना सांगते, नळीला हात लावायचा नाही. ऐकत नाहीत."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोण नातेवाईक?"

भासरे पुढे झाले. "ही तं देते, साहेब. सकाळी बी हिनंच देल्लं."

खोटं ते एक अक्षरही बोलले नाहीत. सकाळी मीच दिलं होतं. पण त्यांनी एवढंच सांगितलं आणि थांबले. मी खाटेखाली पाहिलं. गडू तिथे नव्हता. सासूचा एक हात पदराखाली होता आणि तो पदराखालीच राहिला.

डॉक्टर माझ्यावर ओरडले. काय-काय म्हणाले ते सगळं मला समजलं नाही, पण "अडाणी" हा शब्द समजला आणि "छातीत दूध भरलं" हेही समजलं. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली होती. मी फक्त म्हणायला हवं होतं, त्या पदराखाली पाहा. पण सासूच्या पदराकडे सुनेनं बोट दाखवायचं, तेही मोठ्या भासऱ्यांसमोर, परक्या पुरुषांसमोर? आणि मला खरंच वाटत होतं की आता ती स्वतः बोलेल. मुलगा समोर घरघरतो आहे, आई खरं बोलेल. बोलली तर डॉक्टरांना कळेल की नुसतं दूध नाही, पाणीही गेलं आहे.

ती बोलली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ही बाई पुन्हा वॉर्डात दिसता कामा नये.

मी बाहेर व्हरांड्यात बसले. थोड्या वेळानं शेजारची म्हातारी आली. तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं सांगितलं, सासूनं पहिला चमचा घातला, मग भासऱ्यांनी, मग जावेनं. सासू म्हणत होती, घरच्या विहिरीचं पानी आहे बाबू, पी, तहानेला नोको जाऊ. आमच्या भागात जाणाऱ्या माणसाला असंच सरळ निजवतात आणि जवळचा प्रत्येक जण आपल्या हातचं पाणी देतो. ज्याला आईच्या हातचं पाणी मिळालं नाही तो तहानलेला फिरतो म्हणतात. ते लोक माझ्या नवऱ्याला पाहायला आलेच नव्हते, पोचवायला आले होते. म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. विधवा होणाऱ्या बाईच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"तुमी काऊन नाई बोलल्या डॉक्टरले?" मी म्हातारीला विचारलं.

तिला नवल वाटलं. "का बोलाचं त्याच्यात? मायनं लेकराले पानी पाजलं. ते का पाप आहे?"

सिस्टरही एकदा दारापर्यंत आली. हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, माझी नोकरी आहे. घरी पाच माणसं खाणारी आहेत." आणि निघून गेली. तिचा राग आला, फार आला. पण ती निदान दारापर्यंत आली. परकी बाई, तिनं कारण तरी सांगितलं. माझ्या माणसांनी तेही सांगितलं नाही.

संध्याकाळच्या आत भासऱ्यांनी मला सिंदेवाहीच्या एसटीत बसवून दिलं. सासू दवाखान्यात राहिली, माझ्या जागी. मी घरी येऊन धान कापायला गेले. पेंढ्या बांधताना सारखी वाटेकडे पाहायची. वाटेवर बैलबंडी दिसली की हातातला विळा थांबायचा. तो जिवंत आहे की नाही, हे मला बांधावरून जाणाऱ्या लोकांकडून कळायचं, आणि तेही एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. कोणी म्हणे सिलेंडर काढलं, कोणी म्हणे छाती भरून आली आहे, काही खरं नाही. ज्याला मी इतके दिवस थेंब-थेंब मोजून जगवलं होतं, त्याच्यापासून मला दूर केलं होतं आणि ज्यांनी उताणं निजवलं ते त्याच्या उशाशी होते.

बातमी माझ्या मागोमागच गावात पोचली. कापणीच्या ओळीत एक बाई मला म्हणाली, "कावं, तूनं दूध त्याच्या छातीत भरलं म्हणते? पोट कुठी राह्यते ते बी मालूम नव्हतं का तुले?" बाकीच्या हसल्या. मी विळा चालवत राहिले. जाऊ त्याच ओळीत होती, पलीकडच्या टोकाला. ती हसली नाही. पण कापतही राहिली.

तो वाचला. सुया घेऊन-घेऊन छाती साफ झाली, डोळे उघडले, नळी निघाली, आणि पौषात तो घरी आला. काठी टेकत आला, अंगावर हाडं तेवढी. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "आता तोंडानं पितो मी. नाकात नोको टाकू."

सगळे हसले. मीही हसले, कारण तो बोलत होता.

पुढे तोच त्याचा किस्सा झाला. माझा नवरा माणसांत रमणारा, गावच्या नाटकात विनोदी काम करणारा. हिवाळ्यात वडशाकडची नाटकं सुरू झाली, मंडईच्या जत्रेला पाहुणे आले, की दुपारी जेवणानंतर ओसरीवर त्याला कोणीतरी म्हणायचं, "सांगा ना भाऊ तुमचा तो दवाखान्यातला." मग तो सांगायचा. मी कशी डोळे मिटून पिचकारी भरते, कशी नळी कानात घालू की नाकात असं विचारते, कसे डॉक्टर कपाळाला हात लावतात. माझा आवाज काढायचा, बारीक, घाबरलेला. "बायकोनं मले दूध पाजून मारलं असतं गा! लोकं विष पाजतात, हिचं बरं आहे, घरच्या गाईचं दूध." पाहुणे लोटपोट व्हायचे. मी आत चुलीपाशी त्यांच्याचसाठी चहा ठेवत असायची. त्याला खोकला मात्र कायमचा राहिला. हसता-हसता खोकला यायचा, मग कोणीतरी म्हणायचं, "हे पाह्य, दूध अजून आहे आत."

मला वाटायचं, याला माहीत नाही. तो बेशुद्ध होता, त्याला जे सांगितलं ते तो सांगतो. माहीत असतं तर असं केलं नसतं. या एका गोष्टीवर मी कितीतरी वर्षं काढली. आणि त्याला सांगायचं धाडस होत नव्हतं, कारण आई त्याच्यासाठी देव होती.

शेवटी एका दुपारी सांगितलं. घरात कोणी नव्हतं, तो अंगणात दोरी वळत बसला होता, मी तिचं दुसरं टोक धरून उभी होते. पाहुणे कालच गेले होते. मी म्हटलं, "त्या दिवशी तुमच्या आईनं तुमाले पानी पाजलं होतं. भासऱ्यांनी बी. उताणं निजवून. मी खाली जेवाले गेली होती."

त्याचे हात थांबले नाहीत. तो म्हणाला, "मालूम आहे मले."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कसं मालूम आहे?"

"आईनंच सांगितलं. दवाखान्यातच. लय रडली, माया पाया पडाले लागली. कोनाले सांगू नोको म्हने."

"मंग तुमी हे सारं..."

"अवं, गंमत आहे ते. लोकं हसतात." मग तो म्हणाला, "आई म्हातारी आहे. लोकांनी तिले म्हटलं असतं, लेकाले मारत होती, तं ती जगली नसती. तुयं का आहे, तुले सहन होते. तू बोलत बी नाई."

दोरीचं टोक माझ्या हातात होतं. मी ते सोडलं नाही. वळून होईपर्यंत धरून उभी राहिले, कारण मध्येच सोडलं की सगळी दोरी उलगडते. मग आत गेले.

त्यानंतर त्यानं तो किस्सा सांगणं बंद केलं. कोणी म्हटलंच तर म्हणायचा, "जाऊ द्या, जुनं झालं." मला आधी वाटलं, त्याला वाईट वाटलं असेल. पण खरं काय ते त्यानं एकदाही कोणाला सांगितलं नाही. सासू वारली, तिचं सगळं रीतीनं झालं, तिला कोणी नावं ठेवायला आता ती नव्हती, तरी सांगितलं नाही. लोकांच्या मनात जे होतं ते तसंच राहिलं, त्यानं ठेवून दिलं तिथेच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भासऱ्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला जुलाब लागले. सिंदेवाहीच्या डॉक्टरनं मीठ-साखरेचं उकळलेलं पाणी चमच्यानं द्यायला सांगितलं. लेक रात्रभराची जागी, डोळे मिटत होते. जाऊ चुलीवर होती. माझा नवरा ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. मी वाटी-चमचा घेतला आणि बाळाला मांडीवर घ्यायला हात पुढे केले.

लेक दचकून जागी झाली. तिनं बाळ छातीशी ओढलं. "काकू, तुमी नोका पाजू," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ती लहानपणापासून जे ऐकत आली तेच बोलली.

मी जावेकडे पाहिलं. त्या दिवशी चमचा हिच्याही हातात होता. ती फुंकणीनं चूल फुंकू लागली, चूल चांगली पेटलेली असून. मग मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. या वेळी मी नजर खाली केली नाही. एवढंच तर बोलायचं होतं त्याला, "पाजू दे तिले, तिले येते." आई नव्हती, लोक नव्हते, पाहुणे नव्हते, घरचीच चार माणसं.

तो उठला, खांद्यावर टॉवेल टाकला. "बैलं सोडून येतो," म्हणाला आणि अंगणातून बाहेर गेला.

बैल सकाळीच चरायला गेले होते.